व्हल्कन विमान आणि विमानप्रेमींचे स्मृतिजतन : वस्तू, कागद व साक्ष

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतरची पंधरा-वीस वर्षे हा ब्रिटिश विमाननिर्मितीचा बहराचा काळ होय. कॅनबेरा, हंटर, व्हिक्टर, व्हल्कन ही विमाने याच काळात आकाशात झेपावली आणि पुढे त्यांतील बहुसंख्य भंगारात निघाली. त्यांची आठवण जपण्याचे काम मुख्यतः निवृत्त वैमानिकांनी व तंत्रज्ञांनी केले. लहानपणी हवाई तळाच्या कुंपणाबाहेर उभे राहून विमानांचे क्रमांक वहीत टिपणाऱ्या सामान्य नागरिकांचाही त्यात मोठा वाटा आहे. भारतीय वायुसेनेने १९५७ ते २००७ अशी पन्नास वर्षे कॅनबेरा वापरले आणि गोव्यातील नौदल विमान संग्रहालयात ब्रिटिश बनावटीचे सी हॉक उभे आहे. त्यामुळे हा विषय मराठी वाचकास अगदीच परका नाही. प्रस्तुत लेखात व्हल्कन या एका विमानाच्या आधारे अशा स्मृतिजतनाचे स्वरूप पाहावयाचे आहे.

व्हल्कन : आकाशातून जमिनीवर

एव्ह्रो कंपनीच्या व्हल्कनच्या पहिल्या नमुन्याने ३० ऑगस्ट १९५२ रोजी उड्डाण केले. त्रिकोणी पंखांचे हे चार इंजिनांचे बॉम्बफेकी विमान ब्रिटनच्या अण्वस्त्रसज्जतेचा आधार होते. १९६९ मध्ये ती जबाबदारी नौदलाच्या पाणबुड्यांकडे गेली. प्रत्यक्ष युद्धात ते उतरले ते १९८२ साली, फॉकलंड बेटांवर. तेथवर पोहोचण्यासाठी हवेतल्या हवेत इंधन घेणे भाग होते. परंतु त्यासाठी लागणाऱ्या नळ्या पुरेशा उरल्या नव्हत्या आणि त्या निवृत्त विमानांवरून काढून आणाव्या लागल्या. जुनी वस्तू सांभाळण्याचा उपयोग कधी कसा होईल, हे सांगता येत नाही!

१९८४ मध्ये व्हल्कन सेवेतून गेले. हवाई प्रदर्शनांसाठी राखलेले 'एक्सएच ५५८' हे विमान १९९३ मध्ये विकले गेले व ब्रंटिंगथॉर्प येथे उभे राहिले. ते पुन्हा उडवावे, या ध्यासातून एक विश्वस्त संस्था स्थापन झाली. राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीतून सुमारे २७ लाख पौंड मिळाले, तरी उरलेला भार लोकवर्गणीवर होता. २००६ मध्ये काम बंद पडण्याची वेळ आली असता जॅक हेवर्ड या उद्योगपतीने ५ लाख पौंड दिले. अखेर १८ ऑक्टोबर २००७ रोजी, चौदा वर्षांनंतर, विमान आकाशात गेले. इंजिनाची शक्ती एका विशिष्ट टप्प्यावर आली की हवा आत घेणाऱ्या मुखांतून जो दीर्घ घोष उमटतो, तो ऐकण्यासाठी लोक दूरदूरून येत.

मे २०१२ मध्ये ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या इंजिनात राहून गेल्या आणि दोन इंजिने कायमची निकामी झाली. तथापि उड्डाण थांबले ते इंजिनांमुळे नव्हे. अशा विमानास उड्डाणाची परवानगी हवी असेल, तर मूळ रचनेची तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांचा पाठिंबा आवश्यक असतो. ते यंत्र जाणणारे अभियंते निवृत्त होत गेले, तशी ही जबाबदारी पेलणे कंपन्यांना अशक्य वाटू लागले. पाठिंबा मागे घेतला गेला व २८ ऑक्टोबर २०१५ रोजी 'एक्सएच ५५८' अखेरचे उडाले. धातू शाबूत होता. जाणकार माणसे उरली नव्हती. स्मृतिजतनाच्या कोणत्याही चर्चेत हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे ठरते.

वस्तूंचे मोल कशात?

विमानप्रेमींच्या संग्रहांत दर्शकयंत्रे, क्रमांकपट्ट्या, वैमानिकांच्या उड्डाणवह्या, गणवेशावरील चिन्हे, छायाचित्रे, इतकेच काय, विमानाचे कापून काढलेले संपूर्ण नाकदेखील असते. यांतील रेडियमयुक्त रंगाच्या जुन्या तबकड्यांबाबत सावध राहावे लागते. त्यांची चमक कधीच मावळलेली असते, किरणोत्सर्ग मात्र मावळत नाही; रेडियमचा अर्धायुकाळ सुमारे १६०० वर्षांचा आहे.

परंतु सुटी वस्तू मुकी असते. ती कोणत्या विमानावर होती, केव्हा व का बदलली, हे कळले तरच तिला इतिहासात स्थान मिळते. याचे उत्तर बहुधा कागदात सापडते. ब्रिटिश हवाई दलात प्रत्येक विमानाची 'फॉर्म ७००' ही देखभाल नोंदवही असे. तीत केलेल्या कामाखाली तंत्रज्ञाची सही असे. स्क्वाड्रनच्या दैनंदिन कार्याच्या नोंदी क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मेळाव्यात सांगितल्या जाणाऱ्या आठवणी या नोंदींशी ताडून पाहता येतात आणि तारखांच्या बाबतीत स्मृती पुष्कळदा दगा देते, हेही तेव्हा उघड होते. म्हणून स्मृती टाकाऊ ठरत नाही. थंडीत गोठलेल्या बोटांनी पाना फिरवताना काय होई, हे कोणत्याही नमुनापत्रात लिहिलेले नसते.

प्रदर्शनात न दिसणारे

आठवणींचे आणखी एक कार्य आहे आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. गौरवाच्या आड जे झाकले जाते, ते त्या बोलून दाखवतात. व्हल्कनमध्ये पाच जणांचा चमू असे. मात्र आसनासह बाहेर फेकले जाण्याची सोय केवळ दोन वैमानिकांना होती. मागील तिघांनी, म्हणजे दोन मार्गनिर्देशक व एक इलेक्ट्रॉनिक्स अधिकारी यांनी, तळाच्या दारातून उडी घ्यावी अशी अपेक्षा होती. १ ऑक्टोबर १९५६ रोजी 'एक्सए ८९७' हे विमान खराब हवामानात लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरताना कोसळले. दोन्ही वैमानिक वाचले. उरलेले चौघे मृत्युमुखी पडले. त्यानंतरही व्हल्कन पाव शतकाहून अधिक काळ सेवेत राहिले, पण मागील तिघांना तशी आसने कधीच मिळाली नाहीत.

हवाई प्रदर्शनातील प्रेक्षकांना हे दिसत नाही. संग्रहालयातील व्हल्कनमध्ये मात्र पाहुणा त्याच दारातून, शिडीने वर चढतो. चाके बाहेर असताना त्या दाराच्या थेट मागे पुढच्या चाकाचा जाड खांब उभा असतो. खाली उडी घेणारा माणूस वाऱ्याच्या झोताने त्याच दिशेस फेकला गेला असता. मागच्या आसनावर बसलेला एखादा निवृत्त अधिकारी सोबत असेल, तर तो प्रथम बोट दाखवतो ते या खांबाकडे.