पाळी थांबते तेव्हा मेंदू काय ठरवतो?

जूनमध्ये पावसाचे पहिले जोरदार पाणी ओढ्यांना आले की वसई-विरारच्या भातखाचरांत चढणीचे मासे दिसू लागतात. कुठे त्यांना वलगणीचे मासे म्हणतात. पोटात गाभोळी भरलेल्या माद्या प्रवाहाविरुद्ध उथळ पाण्यात येतात आणि अंडी घालतात. समुद्रातही अनेक माशांच्या विणीचा हाच काळ असतो. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव येथील यांत्रिक नौका १ जून ते ३१ जुलै बंदरात असतात, त्यामागे खवळलेल्या समुद्राइतकेच हेही कारण आहे.

अंडी तर पोटात आधीपासून तयार होत असतात. मग ती नेमकी पावसातच कशी बाहेर पडतात? याचे उत्तर अंडाशयात नसून मेंदूत आहे.

पाण्याचे तापमान, प्रवाह, दिवसाची लांबी यांची खबर मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाला पोहोचते. तेथून जीएनआरएच नावाचा हॉर्मोन पाझरतो. तो पिट्युटरी ग्रंथीला जागे करतो, पिट्युटरीचे हॉर्मोन अंडाशयाला आदेश देतात आणि मग अंडी सुटतात. स्त्रीच्या शरीरातही हीच साखळी काम करते. मानवातला जीएनआरएच अवघ्या १० अमिनो आम्लांचा आहे. सस्तन प्राण्यांतील त्याची रचना १९७१ मध्ये उलगडली. या क्षेत्रातील कामासाठी अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमँ यांना १९७७ च्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला.

ही व्यवस्था फार जुनी आहे. लॅम्प्रे या जबडा नसलेल्या माशाचे आणि आपले पूर्वज सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी त्याच्या मेंदूत जीएनआरएच आहे. ऑक्टोपसमध्येही तशाच घडणीचा रेणू सापडला आहे. या हॉर्मोनचा एक प्रकार तर कोंबडी, अनेक मासे आणि माणूस यांच्यात तंतोतंत सारखा आहे.

या नात्याचा उपयोग विज्ञानाने पुष्कळ केला. रोहू, कटला, मृगळ यांसारखे मासे तळ्यात वाढतात, पण नदीचा पूर न मिळाल्याने सहसा अंडी सोडत नाहीत. १९५७ मध्ये ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी कार्प जातीच्या माशांना दुसऱ्या माशांच्या पिट्युटरीचा अर्क टोचला आणि त्यांनी बंदिस्त पाण्यात अंडी दिली. देशातील मत्स्यबीज निर्मितीचा पाया या प्रयोगाने घातला. १९३० नंतरची काही दशके गर्भधारणेची चाचणीही अशीच होत असे. स्त्रीच्या लघवीचा अंश बेडकीला टोचायचा. तिने अंडी घातली तर स्त्री गरोदर. माणसाच्या हॉर्मोनची भाषा बेडकीच्या अंडाशयाला कळत होती.

प्रजननाची किल्ली मेंदूकडे का राहिली असावी? पिल्लांना अन्न मिळणार नाही अशा वेळी सोडलेली अंडी वाया जातात. परिस्थिती जोखून योग्य वेळ निवडणाऱ्या प्राण्यांचा वंश टिकला. सस्तन प्राण्यांत तर गर्भ पोसण्याचा आणि दूध पाजण्याचा सारा भार मादीच्या शरीरावर असतो. म्हणून शरीरात साठा किती आहे, याचीही खबर मेंदू घेतो. चरबीच्या पेशींतून येणारा लेप्टिन हा हॉर्मोन ती खबर पोहोचवतो.

दवाखान्यात याचा अर्थ रोज समोर येतो. उपाशीपोटी पहाटेची लोकल पकडणारी, वजन झपाट्याने उतरलेली, परीक्षेच्या किंवा घरच्या ताणात असलेली, अतिव्यायाम करणारी मुलगी पाळी थांबली म्हणून येते. अशा वेळी अनेकदा अंडाशय व गर्भाशय धडधाकट असतात. मेंदूने जीएनआरएचचे ठोके मंद केलेले असतात, कारण त्याच्या हिशेबी हा दुष्काळ आहे. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी लांबते, तीही याच यंत्रणेमुळे.

म्हणून अशा मुलीला ‘हिच्यात दोष आहे’ असे म्हणणे चुकीचे आणि क्रूर आहे. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून पाळी ‘आणणे’ हाही उपाय नव्हे. गोळ्यांनी रक्तस्राव होईल. मूळ कारण तसेच राहील आणि इस्ट्रोजेनच्या कमतरतेने हाडे ठिसूळ होत राहतील. नियमित येणारी पाळी तीन महिने आली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. आधी गर्भधारणा आहे का ते पाहावे लागते, नंतर थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि इतर कारणे. ती नसतील, तर उपचाराची सुरुवात ताटापासून होते: पोटभर जेवण, पुरेशी झोप, व्यायामाला लगाम आणि ताणावर मोकळेपणी बोलणे. वजन सावरले तरी पाळी परतायला काही महिने लागू शकतात. सुगी खरोखर आली आहे, याची खात्री करून घ्यायला मेंदू वेळ घेतो.