छोट्या सीएनसी यंत्रावरील होम सेन्सर : निवड आणि बसवणी

प्रस्तावना

वळवाच्या पावसात सर्जापूर रोडवर वीज गेली, की आमच्या कार्यशाळेतले छोटे सीएनसी राउटर काम अर्धवट ठेवून थांबते. एकदा त्यावर विद्यार्थ्यांच्या एका गटाची पीसीबी होती. वीज आल्यावर त्यांनी पुन्हा होमिंग केले आणि उरलेली छिद्रे पाडली. ती सगळी सुमारे अर्धा मिलिमीटर सरकली, आणि सादरीकरण दुसऱ्या दिवशी होते. सेन्सर बदलायला निघालेल्या मुलांना मी थांबवले, कारण सेन्सर ठीक होता. दोष तो बसवण्यात होता. या पाठात होम सेन्सर कसा निवडावा आणि कसा बसवावा हे पाहू.

१. होमिंग कशासाठी?

छोट्या यंत्रांवरील स्टेपर मोटारीला बहुधा एन्कोडर नसतो. नियंत्रक फक्त पाठवलेले स्पंद मोजतो. वीज गेली की अक्ष कुठे आहे याचा भरवसा उरत नाही. होमिंगमध्ये प्रत्येक अक्ष सेन्सरपर्यंत जातो आणि यंत्राचा शून्यबिंदू पुन्हा ठरतो. जीआरबीएलमध्ये कामाचा शून्यबिंदू (जी५४) यंत्राच्या शून्यापासूनच्या अंतराच्या रूपात कायम साठवलेला असतो. म्हणून होम तंतोतंत त्याच जागी सापडले, तरच अर्धवट काम पुढे नेता येते.

यावरून मुख्य मुद्दा लक्षात येतो. सेन्सर नेमका कितव्या मिलिमीटरला चालतो याला महत्त्व नाही. तो दर वेळी त्याच जागी चालला पाहिजे. म्हणजे अचूकतेपेक्षा पुनरावृत्ती महत्त्वाची.

२. निवड

बंगळुरूचा एसपी रोड असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुढील तिन्ही प्रकार सहज मिळतात.

*मायक्रोस्विच* : स्वस्त, दोन तारांचा, वेगळा वीजपुरवठा नको. लांब पट्टीचा स्विच टाळावा, कारण पट्टी जितकी लांब तितका तिच्या टोकाशी फरक वाढतो. शिकणाऱ्यांनी यापासूनच सुरुवात करावी.

*ऑप्टिकल सेन्सर* : खाचेतील प्रकाश अडला की चालतो. पुनरावृत्ती उत्तम; पण एमडीएफची भुकटी खाचेत साचली की फसतो. थ्रीडी प्रिंटरवर चांगला, राउटरवर झाकण हवे.

*इंडक्टिव्ह सेन्सर* : स्पर्शाविना धातू ओळखतो आणि लाकडाच्या भुशाला दाद देत नाही. मात्र दोन चुका नेहमी होतात.

- ४ मिमी हे छापील अंतर मऊ पोलादासाठी असते. अॅल्युमिनिअमसाठी ते सुमारे ०.४ पट, म्हणजे १.६ मिमीच उरते. म्हणून अॅल्युमिनिअमच्या चौकटीला लक्ष्य न मानता १२ मिमी चौरस आणि १ मिमी जाडीची पोलादी पट्टी लावावी.
- १२ मिमी व्यासाचा, एलजे१२ए३ मालिकेतला सेन्सर ६ ते ३६ व्होल्टवर चालतो. तपकिरी तार धन, निळी ऋण, काळी आउटपुट. १२ व्होल्ट दिल्यास काळ्या तारेवरही तेवढेच व्होल्ट येऊ शकतात आणि ५ व्होल्टची पिन जळते. आधी मल्टिमीटरने मोजावे. मध्ये ऑप्टोकपलर घालावा.

३. बसवणी

१. ब्रॅकेट ताठ हवा. आमच्या यंत्रावर एक्स अक्षाचा स्विच स्पिंडलच्या मोटारीजवळ पीएलएच्या ब्रॅकेटवर होता. पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते. मोटार तापली, ब्रॅकेट वाकला आणि त्याबरोबर होमही सरकले. अशा जागी अॅल्युमिनिअमचा अँगल वापरावा.

२. सेन्सर अक्षाच्या थेट वाटेत ठेवू नये. लक्ष्यपट्टी त्याच्या समोरून आडवी सरकावी, म्हणजे अक्ष पुढे गेला तरी सेन्सर चिरडत नाही.

३. सेन्सर चालल्यानंतर यंत्र अडण्याआधी ३ ते ५ मिमी जागा सोडावी. स्पंद थांबले तरी जड गँट्री थोडी पुढे घसरू शकते.

४. झेड अक्षाचे होम वर ठेवावे. जीआरबीएल मुळात झेड आधी वर नेते आणि मग एक्स-वाय हलवते, त्यामुळे टूल कामात अडकत नाही.

५. स्विच एनसी, म्हणजे एरवी जोडलेला, असा वापरावा ($५=१). तार तुटली तर यंत्राला ते लगेच कळते. एनओ जोडणीत तुटलेली तार शांत राहते आणि अक्ष टोकाला जाऊन आदळतो.

६. सिग्नलची तार स्पिंडलच्या तारेपासून दूर न्यावी. शिल्डेड तार घेतल्यास शिल्ड एकाच टोकाला अर्थ करावे. उनोमधील आतला पुल-अप २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे कमकुवत असतो, बाहेरून ४.७ किलोओहमचा रोध आणि ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर जोडल्यास खोटे सिग्नल कमी होतात.

होम स्विच म्हणजे आणीबाणीचा स्विच नव्हे. तो वेगळा आणि हाताशी हवाच.

४. वेग दोन का?

होमिंग सुरू करण्यासाठी $२२=१ करावे. अक्ष आधी जलद जातो ($२५, मुळात ५०० मिमी/मिनिट), मागे सरकतो आणि मग सावकाश पुन्हा सेन्सर शोधतो ($२४, मुळात २५ मिमी/मिनिट). समजा, सिग्नल कळण्याच्या वेळेत ५ मिलिसेकंदांचा फरक पडला. जलद वेगाने (८.३३ मिमी/सेकंद) चूक ०.०४२ मिमी होते, सावकाश वेगाने (०.४२ मिमी/सेकंद) फक्त ०.००२ मिमी.

५. तपासणी

०.०१ मिमीचा डायल गेज लावून दहा वेळा होमिंग करा आणि दर वेळी वाचन लिहा. सर्वांत मोठ्या व लहान वाचनातील फरक म्हणजे व्याप्ती. मग स्पिंडल अर्धा तास चालवून हीच चाचणी पुन्हा घ्या. दुसऱ्या खेपेला सगळी वाचने एकाच दिशेला सरकली, तर सेन्सर बदलू नका, ब्रॅकेट पाहा. आमच्या मुलांनी ही चाचणी पीसीबी वाया गेल्यावर केली. तुम्ही आधी करा.

स्वाध्याय

१. २०० पायऱ्यांची मोटार, १/१६ मायक्रोस्टेपिंग आणि ८ मिमी लीडचा स्क्रू असल्यास एका मिलिमीटरला किती स्पंद लागतील? (उत्तर : ४००)
२. वरील यंत्रावर होमिंगची व्याप्ती ०.०५ मिमी आली, तर ती किती स्पंदांइतकी आहे?
३. एनओ आणि एनसी जोडणीत तार तुटल्यावर काय घडते, ते आकृती काढून स्पष्ट करा.