खडखडीचा पत्ता

स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून ‘खट्’ वाजलं, की बऱ्याच गॅरेजांत निदान तयारच असतं: शॉकअप गेले, जोडी बदला. जोडी बदलून होते, बिल भरून होतं आणि पहिल्याच खड्ड्यात ‘खट्’ पुन्हा हजर. माझी गाडी मारुती 800. हिचं उत्पादन 2014 च्या जानेवारीत थांबलं, म्हणजे सगळ्यात नवी 800 सुद्धा आता दहा वर्षांपुढची. चाकं बारा इंची. मोठ्या गाड्या ज्या खड्ड्यावरून सहज निघून जातात, त्यात ही चांगली खोल उतरते. आवाज येणारच. तो कुठून येतोय हे कळेपर्यंत मात्र एकही पार्ट बदलू नये, या मताचा मी पक्का आहे.

आधी डिकी रिकामी करायची. सुटलेला जॅक सस्पेन्शनची हुबेहूब नक्कल करतो. मग काचा खाली, रेडिओ बंद, आणि एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीला धरून दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश जायचं. भिंतीवर आपटून आवाज परत येतो, त्या बाजूचं चाक वेगळं ऐकू येतं. खडखड चालू असतानाच ब्रेकवर नुसता पाय टेकवून बघावा. थांबली तर बहुधा ब्रेकचे पॅड हलतायत, सस्पेन्शन खोलायची घाई नको. स्टेअरिंग पूर्ण कापून वळताना ‘कटकटकट’ आली तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट बघायचा, त्याचा रबरी बूट बहुतेक फाटलेला असतो. वेगाबरोबर वाढणारी घूंघूं बेअरिंगची. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर जातो. तेव्हा ती वाढली तर संशय डाव्या बेअरिंगवर.

कानाचं काम इथपर्यंत. पत्रा आणि लोखंड आवाजाला कुठून कुठे घेऊन जातात, त्यामुळे पुढचं सगळं हातावर.

स्टेअरिंगचे सांधे तपासताना गाडी जमिनीवरच हवी. चाकं अधांतरी असली की ढिलाई नीट हाताला लागत नाही. किल्ली फिरवून लॉक सोडवायचं, इंजिन बंदच ठेवायचं. 800 ला पॉवर स्टेअरिंग नाही, ही इथे मोठी सोय. एकाने आत बसून स्टेअरिंग दोन-चार बोटं इकडे-तिकडे हलवायचं, दुसऱ्याने चाकामागे हात घालून टायरॉड एंडवर बोटं अशी ठेवायची, की एक बोट दांडीवर आणि एक चाकाकडच्या नकलवर. सांधा धड असेल तर दोन्ही बरोबर हलतात. झिजलेला असेल तर दांडी आधी सरकते, मग नकल येते. मधला तो केसभर उशीर डोळ्याला दिसणार नाही, बोटांना लगेच कळतो. तसंच पुढे रॅककडे आणि स्टेअरिंगच्या दांड्यावरच्या क्रॉसकडे जायचं. स्टेअरिंग वळवताना स्प्रिंग अडकून ‘टण्ण’ करून सुटत असेल, तर स्ट्रटच्या माथ्यावरचं बेअरिंग जाम झालेलं असतं. स्प्रिंगवर तळवा ठेवला की तो झटका थेट हाताला बसतो.

यानंतर जॅक, आणि जॅकबरोबर भक्कम स्टँड. चाक वर-खाली धरून हलवलं आणि हललं, तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ढिलाई गेली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट.

आमच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. ब्रेक मारला की ‘ठक्’, सोडला की पुन्हा ‘ठक्’. एका गॅरेजने अर्थातच शॉकअपची जोडी सांगितली होती. आमचे नेहमीचे मिस्त्री म्हणाले, “साहेब, खड्ड्याचं सोडा. ब्रेकला वाजतंय ना? मग चाक मागे-पुढे होतंय.” या गाडीत लोअर आर्मला मागे-पुढे रोखणारी वेगळी दांडी नाहीच, ते काम स्टॅबिलायझर बारकडे आहे. मिस्त्रींनी खाली शिरून बारच्या टोकाशी टॉमी अडकवली आणि हलकेच दाब दिला. आर्म सरकला, आणि तोच ‘ठक्’ आमच्यासमोर वाजला. बुशचं रबर एका बाजूने पार संपलेलं, उरलेलं बोटाने सोललं जात होतं. शॉकअपच्या जोडीपुढे त्या रबराची किंमत काहीच नाही.

आर्मचं आतलं बुशही भेगाळलेलं निघालं, तेही बदललं. त्याचा बोल्ट त्यांनी नुसता हाताने फिरवून ठेवला, गाडी चाकांवर उतरवली आणि मगच आवळला. मला ही पद्धत फार महत्त्वाची वाटते. हवेत आर्म खाली लोंबत असतो. तसाच आवळला तर गाडी उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकरच फाटतं. नवं बुश बसवलं आणि थोड्याच दिवसांत आवाज परत आला, अशी तक्रार घेऊन जाणाऱ्याने पार्टच्या कंपनीला बोल लावण्याआधी बोल्ट कसा आवळला होता, तेवढं विचारावं.