घात पोटात होतो
पोहणं 3.8 किलोमीटर, सायकल 180 किलोमीटर आणि वर 42.2 किलोमीटरची पुरी मॅरेथॉन, तेही एकाच दिवसात, साधारण 17 तासांच्या आत: ही 'आयर्नमॅन' शर्यत. 1978 साली हवाईत ती पहिल्यांदा झाली तेव्हा 15 जण उतरले, 12 जणांनी पुरी केली. आता नोकरीधंदा सांभाळणारेही तिच्या नादी लागतात. मॉडेल-अभिनेते मिलिंद सोमण यांनी 2015 मध्ये झुरिचला ती पूर्ण केली, तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. गोव्यात मिरामारला 2019 साली सुरू झालेली शर्यत हिच्या निम्म्या अंतराची. सुरुवात तिथूनच केलेली बरी.

बहुतेकांना धास्ती समुद्राची. खरं तर हौशी स्पर्धकाचा घात बऱ्याचदा पोटात होतो. स्नायूंत आणि यकृतात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराचा साखरेचा साठा, जोरकस श्रमात दोनेक तासच पुरतं. म्हणून सायकलवर असतानाच दर तासाला 60 ते 90 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत: एनर्जी जेल, केळं, खजूर, जे पचेल ते. भुकेची वाट पाहिली की उशीर झालाच म्हणून समजा. आणि हे पचवायची सवय सरावातच लावायची; शर्यतीच्या दिवशी नवीन जेल तोंडात घालणं हा शुद्ध वेडेपणा. घामावाटे मीठही जातं, त्यामुळे नुसतं पाणी ढोसत राहणं धोक्याचं. रक्तातलं सोडियम उतरलं की मळमळ, भ्रम, क्वचित बेशुद्धीसुद्धा.

सायकलवरून उतरून धावायला लागलं की पहिले एक-दोन किलोमीटर पाय लाकडाचे होतात. उपाय एकच: लांबची सायकल मारून आल्यावर बूट बदलायचे आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं धावायचं. घरचे जेवायला हाका मारत असले तरी.