काळ्या मातीतील नॅनो-पापुद्रे : निर्मिती, उपयोग आणि परभणीची शेती

प्रस्तावना
सुमारे १ नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागाइतक्या जाडीच्या असेंद्रिय पापुद्र्यांना नॅनोशीट म्हणतात. २००४ मध्ये कार्बनचा एकपदरी पापुद्रा, ग्राफीन, वेगळा करण्यात आला आणि अशा पदार्थांकडे जगाचे लक्ष वेधले. परभणी जिल्ह्यातील काळ्या मातीत मात्र असे पापुद्रे निसर्गतःच आहेत. त्यांची रचना, निर्मिती व उपयोग यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

रचना
दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेल्या या मातीत स्मेक्टाइट गटातील खनिजे प्रामुख्याने आढळतात. मॉन्टमोरिलोनाइट हे त्यांपैकी परिचित खनिज होय. त्याच्या प्रत्येक पापुद्र्यात सिलिकाच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनिअमचा एक थर असतो. काही ॲल्युमिनिअमची जागा मॅग्नेशिअम घेत असल्याने पापुद्र्यावर ऋणभार येतो आणि कॅल्शिअम, सोडिअम यांचे धनभारित कण फटींत राहून तो संतुलित करतात. या फटींत पाणी शिरले की माती फुगते. उन्हाळ्यात ते निघून गेले की जमीन भेगाळते. सुट्या पापुद्र्यांचे पृष्ठफळ दर ग्रॅमला सुमारे ७५० चौरस मीटर भरते.

निर्मिती
मातीतील चुनखडी सौम्य आम्लाने, तर सेंद्रिय द्रव्य हायड्रोजन पेरॉक्साइडने काढतात. माती पाण्यात कालवून जड कण तळाशी बसू देतात व वरचे गढूळ पाणी घेतात. त्यात मिठाचे द्रावण मिसळून कॅल्शिअमच्या जागी सोडिअम आणतात आणि जादा मीठ धुऊन टाकतात. सोडिअमची पकड सैल असल्याने पापुद्रे पाण्यात परस्परांपासून दूर होतात. श्राव्यातीत ध्वनिलहरींनी ते अधिक सुटे होतात; न सुटलेले जाड कण सेंट्रिफ्यूजने वेगळे काढतात.

उपयोग
१९८० च्या दशकात जपानमधील टोयोटाच्या संशोधकांनी नायलॉनमध्ये असे पापुद्रे अल्प प्रमाणात मिसळून त्याची ताकद व उष्णता सोसण्याची क्षमता वाढविली. सांडपाण्यातील रंगद्रव्ये शोषणे आणि खत हळूहळू मुक्त करणे यांसाठीही ते उपयुक्त आहेत.

निष्कर्ष
प्रयोगशाळेत इष्ट असलेली हीच क्रिया शेतात मात्र घातक ठरते. ओलिताच्या पाण्यातून जमिनीत सोडिअम वाढल्यास पापुद्रे विलग होऊन छिद्रे बुजतात, निचरा थांबतो आणि वाफसा लांबतो. अशा जमिनीत जिप्सम घालतात. त्यातील कॅल्शिअम सोडिअमला हटवितो व पापुद्रे पुन्हा एकत्र येतात. मात्र सुटलेला सोडिअम वाहून जाण्यासाठी चर काढणे आवश्यक असते. म्हणून जायकवाडी व पूर्णा प्रकल्पांच्या लाभक्षेत्रांत, तसेच विहिरीच्या पाण्यावरील शेतांत, माती व पाणी यांतील सोडिअमची नियमित तपासणी व्हावी. पापुद्रे सुटण्याचे शास्त्र जसे उद्योगाला, तसेच ते सुटू न देण्याचे शास्त्र शेतीला हवे आहे.