बंगळूरहून बर्फाकडे

बंगळूर हे दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले शहर. त्याच्या थंड हवेची ख्याती जुनी आहे. पण त्या थंडीलाही मर्यादा आहे. येथील नोंदींत पारा सर्वांत खाली उतरला तो १८८४ च्या जानेवारीत, आणि तेव्हाही तो ७.८ अंश सेल्सिअसवर थांबला. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून या गावात मराठी माणसांचा राबता आहे. परंतु येथे वाढलेल्या मुलाने बर्फ पाहिलेले असते ते शीतकपाटात किंवा उसाच्या रसाच्या पेल्यात. अशा शहरातील एखाद्या मध्यम मिळकतीच्या कुटुंबाच्या मनात हिमालयाच्या उतारावर जाऊन स्कीइंग शिकावे असे आले, तर शेजारीपाजारी त्यास हौस म्हणतील. हौस खरीच, पण हौसेलाही हिशेब असतो. येथे पणाला लागलेल्या गोष्टी दोन आहेत : वर्षभर जमविलेली शिल्लक आणि धडधाकट गुडघे. नियोजन चुकले तर यांपैकी एक, आणि कधी दोन्ही, गमावण्याची पाळी येते.

स्की म्हणजे पायांना बांधावयाची लांब, अरुंद, पुढे वर वळलेली पट्टी. हा शब्द उत्तर युरोपातील जुन्या नॉर्स भाषेतला असून चिरलेल्या लाकडाचा तुकडा असा त्याचा मूळ अर्थ आहे. भुसभुशीत बर्फात माणसाचा पाय रुततो. लांब पट्टीवर शरीराचे वजन पसरले की तो रुतत नाही. नॉर्वेसारख्या देशांत ही शतकानुशतके हिवाळ्यातील दळणवळणाची साधी सोय होती. फ्रिट्यॉफ नान्सेन याने १८८८ साली ग्रीनलंडचा हिमप्रदेश ओलांडला तो स्कीवरूनच. डोंगरउतारावरून खेळ म्हणून घसरत येणे हा या साधनाचा पुढचा अवतार होय. भारतात गुलमर्ग येथे १९२७ मध्ये स्की क्लबाची स्थापना झाली. तेव्हा हा खेळ इंग्रज अधिकाऱ्यांपुरता होता. आज तो तसा राहिलेला नाही.

खर्चाचा विचार करताना बहुतेकांची पहिली चूक ही होते की, ते एकूण रकमेकडे पाहतात. पाहावयास हवे ते बर्फावर प्रत्यक्ष काढलेल्या एका दिवसाच्या खर्चाकडे. केवळ उदाहरणादाखल असे समजू की, एका माणसाला जाण्यायेण्यास १२,००० रुपये आणि मुक्कामाच्या प्रत्येक दिवसास, शिकवणी व साधनांच्या भाड्यासह, ४,००० रुपये लागतात. दोनच दिवस राहिल्यास खर्च २०,००० रुपये, म्हणजे दिवसाला १०,००० रुपये पडतो. सहा दिवस राहिल्यास तो ३६,००० रुपये होतो, पण दिवसाचा भाव ६,००० रुपयांवर येतो. शिवाय दोन दिवसांत नवशिका जेमतेम उभे राहणे व पडणे शिकतो. घसरण्याचा खरा आनंद त्यानंतर सुरू होतो. म्हणून चार स्थळांना धावती भेट देणाऱ्या सहलीत अर्धा दिवस स्कीइंग घुसडणे ही काटकसर नव्हे. एकच स्थळ आणि सलग मुक्काम हेच अखेर स्वस्त पडते.

दुसरा प्रश्न हंगामाचा. दक्षिणेतल्या माणसाला पाऊस माहीत आहे तो नैर्ऋत्येकडून येणारा. हिमालयातील हिवाळी बर्फ मात्र पश्चिमेकडून येते. भूमध्य समुद्राकडून इराण व अफगाणिस्तान ओलांडून येणारे पश्चिमी झंझावात ते घेऊन येतात. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडाक्याच्या थंडीला ‘चिल्लई कलान’ म्हणतात. या काळात पडलेले बर्फ सहसा टिकते. म्हणून जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचा काळ नवशिक्यास सर्वांत भरवशाचा. नाताळच्या सुट्टीत भाडी चढलेली असतात आणि बर्फाची खात्री नसते. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा येतात. दसऱ्याच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीचा येथे उपयोग नाही. शाळेतून आठ दिवसांची रजा मागावयाची, की मुले मोठी होईपर्यंत थांबावयाचे, हा निर्णय कुटुंबाने आधीच घेतलेला बरा.

झंझावातही लहरी असतात. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार ऐन हंगामात उघडे व तपकिरी पडले होते. फेब्रुवारीत मात्र तेथे भरपूर बर्फ पडले. ज्यांनी जानेवारीच्या खोल्यांचे सारे पैसे आधी भरून ठेवले असतील त्यांच्या दृष्टीने त्या फेब्रुवारीचा उपयोग नव्हता. यावरून घ्यावयाचा बोध साधा आहे : तारीख बदलण्याची किंवा पैसे परत मिळण्याची सोय असेल तेथेच आरक्षण करावे, मग ते थोडे महाग का असेना.

स्थळांपैकी तीन प्रमुख आहेत. काश्मीरातील गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर असून श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटर आहे. तेथील दोन टप्प्यांचा रज्जुमार्ग, ज्याला गोंडोला म्हणतात, अफरवट पर्वतावर ४,००० मीटरांच्या जवळपास नेतो. त्याची कीर्ती ऐकून नवशिके प्रथम त्याचेच तिकीट काढतात. वास्तविक वरचा उतार मुरलेल्या स्कीपटूंचा. पहिल्या आठवड्याचे शिक्षण पायथ्याच्या सौम्य उतारांवरच व्हावयाचे असते. उत्तराखंडातील औली जोशीमठाच्या वर असून तेथून ७,८१६ मीटर उंचीच्या नंदादेवीचे दर्शन घडते. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतील काही स्पर्धा तेथे झाल्या. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठात जमीन खचू लागल्यावर तेथून वर जाणारा रज्जुमार्ग बंद करण्यात आला. म्हणून औलीला जाणाऱ्याने मोटारीच्या रस्त्याचा हिशेब धरावा आणि रस्ता खुला असल्याची चौकशी करूनच निघावे. तिसरे स्थळ हिमाचल प्रदेशातील मनालीजवळचा सोलंग नाला. तेथील उतार आखूड आहेत. पण दिल्लीहून रात्रीच्या बसने मनालीस पोहोचता येते, ही त्याची मोठी सोय.

मर्यादित पैशांत शिकू इच्छिणाऱ्यांसाठी सर्वांत उपयुक्त गोष्ट म्हणजे सरकारी संस्थांचे वर्ग. गुलमर्ग येथे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे. मनाली येथे १९६१ मध्ये स्थापन झालेली आणि आज अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाने ओळखली जाणारी गिर्यारोहण संस्था आहे. औली येथे गढवाल मंडल विकास निगम हे काम पाहतो. या संस्था हिवाळ्यात एक किंवा दोन आठवड्यांचे वर्ग चालवितात. शुल्कात सामान्यतः राहणे, जेवण, साधने व शिक्षण हे सारे येत असल्याने खाजगी व्यवस्थेपेक्षा खर्च पुष्कळच कमी येतो. मात्र येथे हॉटेलातील सुखसोयींची अपेक्षा धरू नये. वयाच्या अटी असतात, वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि जागा लवकर भरतात. वेळापत्रक जाहीर झाल्याबरोबर अर्ज करावा. लहान मुलांमुळे वर्गात जाणे शक्य नसेल, तर तीनचार जणांनी मिळून एक अधिकृत शिक्षक ठरवावा. एकट्याने शिक्षक ठरविणे खर्चाचे असते, आणि शिक्षकावाचून शिकणे त्याहून खर्चाचे ठरते.

आता प्रवास. बंगळूरहून निघणारी कर्नाटक एक्सप्रेस दौंड-मनमाडच्या वाटेने दिल्लीस जाते आणि दीड दिवसाहून अधिक वेळ घेते. वाटेत एखाद्या आप्ताने फलाटावर डबा आणून दिला तर एका जेवणाचा खर्चही वाचतो. दिल्लीहून डोंगरात पोहोचण्यास आणखी एक दिवस धरावा. अशा रीतीने जाण्यास तीन व येण्यास तीन, असे सहा दिवस प्रवासातच जातात. नऊ दिवसांच्या रजेत मग बर्फासाठी तीनच दिवस उरतात. सोळा दिवसांच्या रजेत दहा उरतात. ज्यास रजा भरपूर व पैसा थोडा, त्याने दोन्ही वेळा रेल्वेने जावे. ज्यास रजा थोडी, त्याने एका बाजूचा प्रवास विमानाने करून दीड दिवस विकत घ्यावा. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करून ठेवण्याजोगी आहे. कटरा ते श्रीनगर अशी थेट रेल्वे जून २०२५ मध्ये सुरू झाल्याने काश्मीरचा रेल्वेमार्गही आता सुकर झाला आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलत असते, आणि जम्मू-काश्मीरच्या प्रवासासाठी तीत विशेष सूट दिली गेली आहे. तिची मुदत व अटी कार्यालयात विचारून, लेखी मंजुरी हाती आल्यावरच तिकीट काढावे.

कपड्यांच्या बाबतीत विकत घेणे, उसने घेणे व भाड्याने घेणे असे तीन भाग पाडावेत. अंगालगतचा थर घाम शोषून धरणारा नसावा. म्हणून सुती बनियन येथे कुचकामी. सुती कापड ओले झाले की वाळत नाही आणि अंगातील ऊब ओढून घेते. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा आतला थर आणि लोकरीचे मोजे स्वतःचे असावेत. मधला थर म्हणजे घरातला स्वेटर. तो उसना चालतो. वारा व पाणी अडविणारा बाहेरचा कोट, विजार, स्की, काठ्या व बूट तेथे भाड्याने मिळतात. बूट निवडताना घाई करू नये. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे किंचित टेकावीत आणि गुडघे वाकविताच मागे सरावीत, हे योग्य मापाचे लक्षण. मोज्यांचा एकच जोड घालावा; दोन घातल्यास रक्त अडते व पाय अधिकच गारठतात. ताजे बर्फ सूर्यप्रकाशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परावर्तित करते. त्यामुळे काळा चष्मा ही चैन नसून डोळ्यांचे रक्षण आहे.

शरीराची तयारी मात्र बंगळुरातच, आणि फुकट, होऊ शकते. स्कीइंगमध्ये माणूस सारा वेळ अर्धवट बसलेल्या स्थितीत असतो. मांड्या थकल्या की तोल जातो, आणि तोल गेला की गुडघा पिळवटतो. दोन महिने आधीपासून रोज बैठका, जिन्याची चढउतर आणि रविवारी नंदी टेकडीची चढण एवढे केले तरी आपल्या जुन्या तालमीतील शहाणपण उपयोगी पडते.

उतारावरचा पहिला धडा थांबण्याचा असतो. स्कींची पुढची टोके जवळ व मागची टोके दूर ठेवून बाणाच्या टोकासारखा आकार केला आणि आतल्या कडा बर्फात रोवल्या की वेग कमी होतो. डाव्या स्कीवर भार दिला की उजवीकडे वळण मिळते, उजव्या स्कीवर दिला की डावीकडे. पडणे अटळ दिसले तर मागे हात टेकू नयेत. बाजूला, उताराच्या वरच्या अंगास, कुल्ल्यावर बसावे. उठताना स्की उताराला आडव्या कराव्यात. बूट स्कीला धरून ठेवणारी पकड जोराचा पीळ बसताच सुटते. ती वजन, उंची, वय व कौशल्य पाहून बसवून घ्यावी लागते. ती फार घट्ट राहिली तर स्कीऐवजी गुडघाच सुटतो.

काटकसर कोठे करू नये याचेही उत्तर यातच आहे. शिक्षक, शिरस्त्राण, नीट बसणारा बूट आणि विमा या चार गोष्टींत पैसा वाचवू नये. साहसी खेळांतील इजा अनेक विमापत्रांतून वगळलेली असते. म्हणून सही करण्यापूर्वी अपवादांचे कलम वाचावे. आखलेल्या उताराबाहेर कोणाच्याही आग्रहास्तव जाऊ नये. हिमलोट बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर, नवे बर्फ पडल्यानंतर सुटतात. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या उतारावर हिमलोटात सापडून पोलंडचे दोन स्कीपटू मृत्युमुखी पडले. स्थानिक अधिकाऱ्यांचा इशारा असेल त्या दिवशी खोलीत बसून राहणे हाही नियोजनाचाच भाग होय. त्यासाठी एकूण रकमेच्या दहाव्या हिश्शाइतके पैसे आणि एक दिवस हाताशी राखून ठेवावा.

इतका विचार केल्यावर एखादे कुटुंब या निर्णयावर येईल की, चौघांनी तीन दिवस जाण्यापेक्षा यंदा थोरल्या मुलीने वर्गाला जावे आणि इतरांनी पुढच्या वर्षासाठी पैसे साठवावेत. त्यात कमीपणा काहीच नाही. दक्षिणेत जन्मलेल्यांचे बर्फावर काय काम, असा प्रश्न मात्र आता कोणी विचारू नये. बंगळूरपासून फार दूर नसलेल्या कोडगू जिल्ह्यातील भवानी तेक्कडा नंजुंडा यांनी लांब पल्ल्याच्या स्कीइंगच्या जागतिक स्पर्धांत भारताचे प्रतिनिधित्व केले आहे. कोडगूत कॉफी पिकते, बर्फ पडत नाही. प्रत्येकाने स्पर्धेत उतरावे असे नाही. आठ दिवसांच्या शिक्षणाअखेर पन्नास पावलांचा उतार न पडता उतरून आपल्या इच्छेने थांबता आले, तर पहिल्या सहलीचा पैसा वसूल झाला असे समजावयास हरकत नाही.