जुना कळफलक आणि नवे यंत्र

बीड, अंबाजोगाई, परळी अशा गावांतील ज्या मंडळींची बोटे टंकयंत्रावर तयार झाली, त्यांना नवा संगणक घेतल्यावर दोन अडचणी एकदम भेटतात. हाताशी असलेला जुना कळफलक नव्या यंत्राला जोडता येत नाही, ही पहिली. तो जोडला तरी मराठी अक्षरे ओळखीच्या जागी सापडत नाहीत, ही दुसरी. दोन्हींचा दोष कळफलकाच्या वयावर टाकण्याची रीत आहे. ती रास्त नाही.

पहिली अडचण केवळ जोडणीची. जुन्या कळफलकाच्या तारेला सहा पिनांचे गोल टोक असते. ही पीएस/२ पद्धत आयबीएम कंपनीने १९८७ साली आणली. आता बहुतेक यंत्रांवर यूएसबी असते. बाजारात मिळणारा साधा जोड फक्त तारा जुळवतो, म्हणून ज्या कळफलकाला दोन्ही बोली येतात त्यालाच तो चालतो. इतरांना आत चिप असलेला परिवर्तक घ्यावा. यंत्राला गोल खाच असेलच, तर यंत्र बंद करून मगच टोक बसवावे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. कळफलक मुळी अक्षर पाठवतच नाही. कोणती कळ दाबली, तिचा क्रमांक तेवढा पाठवतो. त्या क्रमांकाचे अक्षर ठरवते ती संगणकातील कार्यप्रणाली. विंडोजमध्ये मराठी निवडले की सहसा इन्स्क्रिप्ट मांडणी येते: स्वर डाव्या हाताला, व्यंजने बरीचशी उजव्या. टंकलेखकाचा हात मात्र रेमिंग्टन मांडणीचा. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मिनिटाला ३० मराठी शब्दांचा वेग मागतात, आणि तो ज्याने घाम गाळून कमावला त्याला ‘नवी मांडणी शिका’ असे सांगणे आम्हांस निष्ठुर वाटते.

मांडणी बदलून सगळे भागते असेही नाही. ‘किती’ लिहिताना टंकलेखक पहिली वेलांटी आधी उमटवतो आणि क नंतर, कारण कागदावर ती डावीकडे असते. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळतो: आधी क, मग वेलांटी. रफाराचे याच्या उलट. ‘कर्म’ या शब्दात टंकलेखक म उमटवून मग रफार देतो. संगणकाच्या स्मृतीत र् आधी असतो. तेव्हा रेमिंग्टन पद्धत पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरने वेलांटी क्षणभर राखून ठेवली पाहिजे, आणि रफार मागे नेऊन बसवला पाहिजे. जुन्या कृतिदेवसारख्या फाँटांत ही अडचण नव्हती, कारण तेथे केवळ आकृत्या उमटत. पण तो मजकूर दुसऱ्या फाँटात उघडला की निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. (कचेऱ्यांतील किती जुन्या फायली अशा मुक्या झाल्या असतील!)

सॉफ्टवेअर घेताना ‘किती’, ‘कर्म’ आणि ‘स्थिती’ हे तीन शब्द आपल्या सवयीने टंकून पाहावेत. वेलांटीशेजारी ठिपक्यांचे वर्तुळ राहिले, तर क्रम सुधारला गेलेला नाही. वर्तुळ नसेल तर शोधाच्या खिडकीत तेच शब्द दुसऱ्याकडून इन्स्क्रिप्टने घालून घ्यावेत. ते सापडले म्हणजे मजकूर खरोखर युनिकोडात गेला.